विश्लेषण : ट्रकने धडक दिली, पुढे काय? भरपाई कोण देते, किती मिळते आणि घाईत कुठे सही करू नये?

पुण्यातील नवले पुलाजवळ १३ नोव्हेंबर २०२५ रोजी मालवाहू कंटेनरने अनेक वाहनांना धडक दिली. दोन अवजड वाहनांमध्ये सापडलेल्या मोटारीने पेट घेतला आणि या दुर्घटनेत आठ जणांचा मृत्यू झाला. अशा अपघाताची बातमी दोन दिवस चालते. घरच्यांचा प्रवास मात्र त्यानंतर सुरू होतो. पोलीस ठाणे, रुग्णालय, विमा कंपनी, न्यायाधिकरण आणि मधल्या मध्ये भेटणारे दलाल. अनेकदा दहावा-तेरावा होण्याआधीच कोणीतरी कागद घेऊन दारात येते आणि ‘येथे सही करा, चार पैसे लगेच मिळतील’ असे सांगते. त्या एका सहीने किती रक्कम हातची जाऊ शकते, हे बहुतेक कुटुंबांना ठाऊक नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ जणांनी रस्ते अपघातांत जीव गमावला. त्यामुळे ही प्रक्रिया समजून घेणे प्रत्येकासाठी गरजेचे आहे.

पहिल्या काही तासांत काय महत्त्वाचे?

आधी जीव, मग कागद. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मिळतात. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

घटनास्थळी असलेल्या नातेवाईक वा मित्राने मोबाइलवर काही छायाचित्रे घेतली, तर पुढे ती मोलाची ठरतात. ट्रकचा क्रमांक पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी टिपावा. कंटेनर ओढणाऱ्या वाहनाचा आणि मागच्या ट्रेलरचा क्रमांक वेगळा असू शकतो. चाकांच्या खुणा, वाहनांची स्थिती, मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या आहेत की नाहीत, हेही दिसले पाहिजे. ट्रक रस्त्यात उभा असताना मागून धडक बसली असेल, तर शेवटचा मुद्दा निर्णायक ठरतो. इतरांना धोका होईल अशा रीतीने वाहन रस्त्यावर सोडण्यास कायद्याचे कलम १२२ मनाई करते.

‘एम-परिवहन’ ॲपवर वाहन क्रमांक टाकल्यास विमा आणि योग्यता प्रमाणपत्र कधीपर्यंत वैध आहे, ते कळते. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. टोल नाका, पेट्रोल पंप, ढाबा यांच्या सीसीटीव्ही चित्रीकरणावर काही दिवसांत नवे चित्रीकरण होते. म्हणून ते जप्त करून जतन करावे, असा लेखी अर्ज पोलिसांकडे त्याच आठवड्यात द्यावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

‘ब्रेक निकामी झाले’ या दाव्याचे काय?

अवजड वाहनांच्या अपघातांत हे वाक्य सर्वात आधी ऐकू येते. त्याच नवले पुलाजवळ नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या साखळी अपघातानंतरही सुरुवातीला तीच चर्चा होती. नंतरच्या तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे समोर आले. म्हणून वाहनाच्या तांत्रिक तपासणीचा अहवाल महत्त्वाचा असतो. तो पोलिसांच्या कागदपत्रांत आहे का, याची कुटुंबाने खात्री करावी. ब्रेक खरोखरच निकामी झाले असतील, तरीही प्रश्न संपत नाही. वाहनाची देखभाल ही मालकाची जबाबदारी आहे.

उपचारांचा खर्च कोण करणार?

केंद्र सरकारने ५ मे २०२५ रोजी अधिसूचित केलेल्या रोखरहित उपचार योजनेत अपघातग्रस्ताला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत कमाल दीड लाख रुपयांचे उपचार मिळू शकतात. त्यासाठी रुग्णालय योजनेत नोंदलेले असावे लागते. नोंद नसलेल्या रुग्णालयात प्रकृती स्थिर करण्यापुरतेच उपचार या योजनेखाली येतात. त्यामुळे दाखल करतानाच ‘ही योजना येथे लागू आहे का’ हे विचारावे.

रुग्णालयाने अपघाताची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, म्हणजे बोलीभाषेतील ‘एमएलसी’, केली आहे ना, तेही पाहावे. ‘पडून जखमी’ अशी चुकीची नोंद झाली, तर विमा कंपनी पुढे तीच दाखवते. मूळ बिले, औषधांच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड आणि रुग्णवाहिकेची पावती एका फाइलमध्ये ठेवावी.

पोलिसांनी काय आणि किती दिवसांत करायचे असते?

१ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी पोलिसांना मुदती घालून दिल्या आहेत. अपघाताची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो विमा कंपनीलाही जातो. दहा दिवसांत पीडिताला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना द्यायचा असतो. ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणासमोर यायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२२ च्या निकालात या नियमांच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले आहेत.

प्रत्यक्षात बहुतेक कुटुंबे हे कागद मागतच नाहीत, कारण ते असतात हेच माहीत नसते. प्रथम खबरी अहवाल, घटनास्थळ पंचनामा, मृत्यू झाला असल्यास मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल, वाहन तपासणी अहवाल, चालकाचा परवाना, वाहनाची नोंदणी, परवाना आणि विमा यांच्या प्रती मागाव्यात. वाहनाचा आणि विम्याचा तपशील दावेदाराला देणे, हे पोलीस आणि परिवहन कार्यालय यांच्यावर कलम १६० ने बंधनकारक आहे.

कधी कधी मृत दुचाकीस्वारावरच गुन्हा नोंदवला जातो. ते अंतिम समजू नये. कुटुंबाने साक्षीदार आणि चित्रीकरणाच्या आधारे वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घ्यावी. न्यायाधिकरण पुरावा स्वतंत्रपणे तपासते.

चालकावरचा गुन्हा आणि भरपाई यांचा संबंध काय?

ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद कलम १०६(२) मध्ये आहे. मात्र जानेवारी २०२४ मधील वाहतूकदारांच्या आंदोलनानंतर हे उपकलम लागू केलेले नाही. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, तेव्हाही ते वगळले गेले.

फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात मात्र ‘असे घडले असण्याची शक्यता अधिक’ एवढे दाखवणे पुरते. त्यामुळे चालक निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप फेटाळला जात नाही. ‘गुन्हा मागे घ्या, लाखभर रुपये देतो’ असा निरोप ट्रकमालकाकडून आला, तर लक्षात ठेवावे की निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा कायद्याने तडजोडयोग्य नाही. शिवाय अशा वेळी लिहून दिलेला कागद भरपाईच्या दाव्यात कुटुंबाविरुद्ध वापरला जातो.

पैसे नेमके कोण देते?

दावा चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांविरुद्ध असतो. ट्रकचा त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. त्यामुळे बहुतेक प्रकरणांत रक्कम विमा कंपनीच भरते. ‘मालक गरीब आहे, त्याच्याकडून काय मिळणार’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

चालकाचा परवाना वैध नव्हता किंवा ट्रकला परवाना नव्हता, असे मुद्दे विमा कंपन्या मांडतात. अशा अनेक प्रकरणांत न्यायालये ‘आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतात. हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. त्यामुळे छोट्या टेम्पोंच्या प्रकरणांतील हा वाद बराच मिटला. त्याहून जड ट्रकसाठी मात्र वेगळा परवाना लागतोच.

एक गंभीर अपवाद आहे. मालवाहू वाहनातून जाणाऱ्या वऱ्हाडाला, जत्रेकरूंना किंवा लिफ्ट घेतलेल्या प्रवाशाला हे विमाछत्र मिळत नाही. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी यांनाच ते मिळते. टेम्पोत बसून लग्नाला जाताना अपघात झाला, तर भरपाईचा भार वाहनमालकावर येऊ शकतो आणि ती वसूल करणे फार कठीण जाते.

ठरावीक रक्कम की पूर्ण दावा?

सही करण्यापूर्वी समजून घेण्याची सर्वात महत्त्वाची बाब हीच. कायद्यात दोन मार्ग आहेत. कलम १६४ नुसार मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. येथे चूक कोणाची, हे सिद्ध करावे लागत नाही. कलम १६६ नुसार चालकाची चूक दाखवावी लागते, पण भरपाई मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबून असलेली माणसे पाहून ठरते. ती ठरावीक रकमेच्या कित्येक पट असू शकते.

कलम १४९ मधील प्रक्रियेने कलम १६४ ची रक्कम स्वीकारली, की कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. म्हणजे पाच लाख घेऊन उरलेल्यासाठी नंतर भांडू, असे करता येत नाही. विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने प्रस्ताव दिला, तर तो नाकारण्याचा अधिकार कुटुंबाला आहे. नाकारल्यास न्यायाधिकरण गुणवत्तेवर सुनावणी करते. म्हणून प्रस्तावावर सही करण्याआधी तो कोणत्या कलमाखाली आहे, हे विचारावे आणि खालील हिशेब मांडून पाहावा.

हिशेब कसा होतो?

सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ मधील निकालाने आणि ३१ ऑक्टोबर २०१७ च्या घटनापीठाच्या निकालाने त्याचे सूत्र ठरले आहे. समजा, दरमहा १५ हजार रुपये कमावणाऱ्या ३४ वर्षांच्या भाजीविक्रेत्याचा ट्रकच्या धडकेत मृत्यू झाला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई आहेत.

त्याचे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार. वय चाळिशीच्या आत आणि व्यवसाय स्वतःचा, म्हणून भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवले की २ लाख ५२ हजार होतात. चार जण अवलंबून असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतो. उरतात १ लाख ८९ हजार. ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणक १६ आहे. म्हणजे ३० लाख २४ हजार रुपये. याशिवाय अंत्यविधीचा खर्च, वारसांच्या मालमत्तेची हानी आणि जिवलगाच्या सहवासाला मुकल्याबद्दलची रक्कम मिळते. २०१७ मध्ये हे आकडे अनुक्रमे १५ हजार, १५ हजार आणि ४० हजार होते. त्यात दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ करायची आहे. या सर्वावर कलम १७१ नुसार व्याजही मिळू शकते. पाच लाखांशी तुलना केली की घाईतल्या सहीची किंमत कळते. अर्थात चूक आणि उत्पन्न दोन्ही पुराव्याने दाखवावे लागतात.

उत्पन्नाचा पुरावा म्हणजे फक्त पगारपत्रक नव्हे. बँक पासबुक, यूपीआयवरील जमा, दूध संघाच्या किंवा बाजार समितीच्या पावत्या, ऊसबिल, सातबारा हे सारे चालते. गृहिणीच्या कामालाही आर्थिक मूल्य आहे आणि तिचे उत्पन्न गृहीत धरून भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा ठळकपणे सांगितले. वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला शोधावा. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात प्रकरणातच म्हटले. वयात दोन वर्षांचा फरक पडला, तरी गुणक बदलू शकतो.

जखमीच्या बाबतीत अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचे नुकसान सारखे नसते. पाय गमावलेल्या चालकाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी कमी असली, तरी त्याचा रोजगार पूर्ण गेलेला असू शकतो. कामावर नेमका काय परिणाम झाला ते पाहावे, असे २०१० च्या निकालात म्हटले आहे. त्यासाठी डॉक्टरांची साक्ष महत्त्वाची ठरते.

दावा कुठे आणि किती दिवसांत?

ट्रक तमिळनाडूचा, अपघात सोलापूरजवळ आणि कुटुंब बीडचे, तर दावा कुठे? कलम १६६(२) मुळे अपघाताच्या ठिकाणी, दावेदार राहतो वा व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी राहतो तेथे दावा करता येतो. म्हणजे हे कुटुंब बीडमध्येच दावा दाखल करू शकते. ट्रकमालकाच्या राज्यात जाण्याची गरज नाही.

मुदतीबाबत काळजी घ्यावी. एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या कलम १६६(३) नुसार अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा आहे. या तरतुदीच्या वैधतेला आव्हान दिले गेले असून, केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. मात्र तो अंतरिम आहे. त्यावर विसंबून न राहता सहा महिन्यांच्या आतच अर्ज करणे शहाणपणाचे. ज्यांची मुदत उलटली आहे, त्यांनीही आशा न सोडता वकिलाला विचारावे.

ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही तर?

२०२२ मध्ये धडक देऊन पळून जाण्याच्या घटनांत देशात ३० हजारांहून अधिक मृत्यू झाले. अशा वेळी कलम १६१ खालील योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. गुन्हा नोंदल्यापासून महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी या योजनेची लेखी माहिती कुटुंबाला द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावले आहे. पुढे ट्रक सापडून नियमित भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करावी लागते.

ट्रकचालक किंवा क्लीनरच जखमी झाला तर?

नोकरीवरील चालक आणि क्लीनर यांना कामगार नुकसानभरपाईचा मार्ग खुला आहे. तेथे मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नसते. दुसऱ्या वाहनाची चूक असेल, तर मोटार वाहन कायद्याखालीही दावा होऊ शकतो. मात्र कलम १६७ नुसार दोन्हीपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. मालक स्वतःच ट्रक चालवत असेल, तर त्याला १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण लागू होऊ शकते. त्यासाठी विमापत्रात तो हप्ता भरलेला आहे का, हे तपासावे.

वकील कसा निवडावा? दलाल कसा ओळखावा?

‘आता काही देऊ नका, निकाल लागल्यावर वीस टक्के घेऊ’ हा प्रस्ताव आकर्षक वाटतो. मात्र निकालावर अवलंबून शुल्क ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत हिस्सा घेणे, या दोन्हीला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी मनाई आहे. वकिलाने स्वतःहून ग्राहक शोधत घरी किंवा रुग्णालयात जाणेही या नियमांत बसत नाही. शुल्क आधी ठरवावे आणि शक्यतो लिहून घ्यावे. कोऱ्या कागदावर, कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये. मूळ कागद देऊ नयेत, प्रती द्याव्यात.

पैसे नसतील, तर प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात असलेल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे नागरिक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. म्हणजे अपघातात पती गमावलेली कोणतीही महिला या मदतीला पात्र ठरते. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

लोक अदालतीत विमा कंपनीशी तडजोड झाली, तर पैसे लवकर मिळतात. मात्र तो निवाडा अंतिम असतो आणि त्यावर अपील करता येत नाही. त्यामुळे तेथे जाण्याआधीही आपल्या दाव्याचा अंदाजे आकडा हाताशी हवा.

निकाल लागल्यानंतर काय?

निवाड्यानंतर विमा कंपनीने ३० दिवसांत रक्कम जमा करायची असते. भरपाई थेट दावेदाराच्या बँक खात्यात जावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले. त्यामुळे स्वतःच्या नावाचे खाते, पासबुक आणि पॅन यांचा तपशील दाव्यातच द्यावा. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक दुसऱ्याच्या हाती देऊ नये. लहान मुलांच्या वाट्याची रक्कम सहसा मुदत ठेवीत ठेवली जाते. उपचार किंवा शिक्षणासाठी ती आधी हवी असल्यास न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

रक्कम कमी वाटली, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल, तर अपील होत नाही. विमा कंपनीने अपील केले, तरी घाबरून कमी रकमेवर तडजोड करू नये. त्या अपिलात आपली बाजू मांडण्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडून उच्च न्यायालयातही मोफत वकील मागता येतो.